हजच्या सुईला होकार, पोरीच्या सुईला नकार

माझा एक बालमित्र यंदा हजला निघालाय. त्याचं नाव लिहीत नाही, कारण या लेखात मी त्याच्याशीच भांडणार आहे. आम्ही दोघं परभणीत एकाच मोहल्ल्यात वाढलो, उर्दू शाळेत एका बाकावर बसलो. पुढे तो कापडाच्या धंद्यात गेला आणि मी मास्तर झालो. गेल्या महिन्यात हजयात्रेकरूंच्या लसीकरण शिबिराला मी त्याच्यासोबत गेलो होतो. रांगेत उभं असताना त्याने खिशातून एक जुनं, घडी पडलेलं कार्ड काढलं. २०१८ मध्ये तो उमराहला गेला तेव्हा मेनिंजायटिसची लस घेतली होती, तिची नोंद त्यावर होती. "मुदत खतम हो गई, मास्तर. फिर से लेना पडता," असं म्हणत त्याने बाही वर केली. सुई घेतली, तोंडात पोलिओचे थेंब घेतले आणि मागच्या म्हाताऱ्या चाचांना समजावू लागला की ही सुई तिकडे पोहोचायच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आदल्या दिवशी घेतलेली चालत नाही.

याच माणसाने त्याच्या दोनच महिने आधी पाचवीतल्या मुलीच्या शाळेतून आलेल्या कागदावर लिहून दिलं होतं : आमच्या मुलीला लस देऊ नये. खाली सही, मोबाईल नंबर.

ती लस टीडीची. म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प या दोन रोगांवरची. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी ती मोफत दिली जाते. मी त्याला विचारलं, का नाही म्हणालास? त्याचं उत्तर तयार होतं. "मोठ्याला सगळ्या सुया दिल्या होत्या. काय झालं? झालाच ना घटसर्प?"

हे उत्तर मला आतून हलवून गेलं, कारण त्याच्या मोठ्या मुलाचं ते आजारपण मी पाहिलेलं आहे. सात वर्षांपूर्वीची गोष्ट. पोरगा अकरा वर्षांचा होता. घसा दुखतो, थोडा ताप आहे, म्हणून गल्लीतल्या डॉक्टरकडे नेलं. त्याने टॉन्सिल म्हणून गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी मान सुजली, आवाज बसला, श्वास घेताना घर्रघर्र व्हायला लागलं. दुसऱ्या डॉक्टरने टॉर्च मारून घशात पाहिलं आणि राखाडी पडदा दिसताच सरळ नांदेडला न्यायला सांगितलं. घटसर्पाच्या जंतूचं विष रक्तात जातं, ते हृदयाच्या स्नायूला धरतं, नसांना धरतं. ते विष मारणारं औषध, अँटिटॉक्सिन, हे काही गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळत नाही. ते मिळेपर्यंतचे तास त्याच्या बापाने दवाखान्याच्या जिन्यात बसून काढले. मी शेजारी होतो. दुसऱ्या आठवड्यात पोराच्या हृदयाचे ठोके बिघडले तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघणं सोडून दिलं होतं. अल्लाहची मेहरबानी, पोरगा वाचला. आज तो कॉलेजात आहे.

त्या दिवसांत मी त्याचं लसीचं कार्ड पाहिलं होतं. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस होते. दीड वर्षाचा बूस्टर होता. पाच ते सहा वर्षांचा रकाना कोरा. आणि दहाव्या वर्षाची काही नोंदच नाही. म्हणजे त्याच्या बापाचं "सगळ्या सुया दिल्या होत्या" हे खरं नाही. जेवढ्या सुया त्याला माहीत होत्या तेवढ्या दिल्या होत्या. घटसर्पाची शेवटची लस घेऊन साडेनऊ वर्षं झाल्यावर त्या पोराला घटसर्पाने गाठलं.

लस घेऊनही रोग झाला, म्हणून लस खोटी, असं आपल्याकडे शंभरातले निम्मे लोक म्हणतात. यात फक्त मुसलमान नाहीत. पण मी माझ्या घरचं आधी बोलतो.

लसीचं संरक्षण किती वर्षं टिकतं याचं एकच उत्तर नाही, आणि इथेच सगळा गोंधळ होतो. गोवराच्या लसीचे दोन डोस झाले की बहुतेकांना ते जन्मभर पुरतं. गोवराचा दुसरा डोस खरं तर बूस्टरही नाही. नवव्या महिन्यात दिलेला पहिला डोस शंभरातल्या साधारण पंधरा बाळांना लागतच नाही, कारण आईकडून आलेली प्रतिद्रव्यं अजून त्यांच्या रक्तात असतात. दुसरा डोस त्या पंधरांना पुन्हा संधी देण्यासाठी असतो. कोणत्या पंधरांना, हे कळत नाही, म्हणून सगळ्यांना द्यायचा. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीला, मालेगावला, भिवंडीला गोवर पसरला आणि लहान लेकरं दगावली, तेव्हा अनेक मुलांचा एक डोस राहिलेला होता किंवा दोन्हीही राहिले होते. त्या वस्त्या कोणाच्या आहेत हे मी सांगायला नको.

घटसर्प आणि धनुर्वाताचं गणित वेगळं आहे. या लसींमध्ये जिवंत जंतू नसतो, त्याचं निकामी केलेलं विष असतं. शरीर त्या विषाविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करतं, पण ती वर्षागणिक कमी होत जातात. तुम्ही म्हणाल, शरीराला आठवण राहते ना? राहते. पण आठवण जागी होऊन नवीन प्रतिद्रव्यं तयार व्हायला काही दिवस लागतात. गोवराला अंगात शिरल्यापासून पुरळ दिसेपर्यंत जवळपास दोन आठवडे लागतात, तेवढ्यात शरीर तयारी करून घेतं. घटसर्प दोन ते पाच दिवसांत विष सोडायला लागतो. इतक्या घाईत आठवण कामाला येत नाही, प्रतिद्रव्यं रक्तात आधीच हजर असावी लागतात. म्हणून दीड वर्षाला, पाच-सहा वर्षांना, दहा वर्षांना, सोळा वर्षांना पुन्हा सुई. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा बाळपणीच्या तीन डोसनंतर तीन बूस्टर सांगते.

आमच्या कृषी विद्यापीठाच्या जिल्ह्यात हे समजायला अवघड जाऊ नये. परभणी मोती ज्वारीचं बी घरचं राखून पुढच्या वर्षी पेरता येतं. संकरित कपाशीचं बी दरवर्षी दुकानातून आणावं लागतं. म्हणून कपाशीचं बी खोटं आहे, असं कोणी शेतकरी म्हणत नाही. ज्या बियाण्याची जी रीत.

पूर्वी एक गोष्ट होत असे. घटसर्प गावात फिरतच असे, त्यामुळे लस घेतलेल्या माणसाच्या अंगावरूनही जंतू अधूनमधून जात आणि त्याची प्रतिद्रव्यं आपोआप ताजी होत. लसीकरण वाढलं, रोग कमी झाला, आणि ही फुकटची उजळणी बंद पडली. त्यामुळे आता घटसर्प पूर्वीसारखा फक्त पाच वर्षांच्या आतल्या बाळांना गाठत नाही, शाळेतल्या आणि कॉलेजातल्या पोरांना गाठतो. २०१६ साली केरळातल्या मलप्पुरममध्ये तो पसरला तेव्हा हेच दिसलं. मलप्पुरम आपल्या परभणीसारखं मागास नाही. साक्षरता आहे, दवाखाने आहेत, आखातातला पैसा आहे, मुसलमान बहुसंख्य आहेत. पण सुईबद्दलचा संशय तिथेही होता आणि त्याची किंमत पोरांनी भरली. सोव्हिएत रशिया फुटल्यावर १९९० च्या दशकात तिथल्या देशांमध्ये घटसर्पाचे दीड लाखाहून जास्त रुग्ण झाले, सुमारे पाच हजार माणसं गेली. त्यात मोठी माणसं खूप होती. लहानपणी घेतलेल्या लसीच्या भरवशावर वर्षानुवर्षं राहिलेली.

हजच्या सुईलाही इतिहास आहे. १९८७ च्या हजमध्ये मेनिंजायटिसची साथ आली, त्यानंतर लस सक्तीची झाली. २००० आणि २००१ मध्ये त्याच रोगाचा वेगळा प्रकार पसरला, तेव्हा सौदी सरकारने चारही प्रकारांवर चालणारी लस मागायला सुरुवात केली. साध्या प्रकारची लस असेल तर तिचं प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, कॉन्जुगेट असेल तर पाच वर्षं. माझ्या मित्राला ही तारीख पाठ आहे. त्याने एकदाही विचारलं नाही की २०१८ ला घेतली होती, मग आता परत कशाला, ती लस खोटी होती काय. कारण तिथे सुईच्या पलीकडे मक्का आहे, आणि सुईशिवाय तिथे जाता येत नाही. मुलीच्या सुईच्या पलीकडे नुसती मुलगी आहे.

हे वाक्य मी त्याला तोंडावर बोललो. तो दोन दिवस बोलला नाही.

आता त्या मेसेजबद्दल. त्याच्या मोबाईलवर आलेला, माझ्याही आलेला, तुमच्याही आला असेल. शाळेत मुलींना जी सुई देतात त्याने पुढे मुलं होत नाहीत. मौलाना साहेबांचा म्हणून आवाज, मागे घाबरवणारं संगीत. अरे, या मोहल्ल्यातल्या प्रत्येक बाईने गरोदरपणी धनुर्वाताची सुई घेतलीय. पूर्वी ती टीटी होती, २०१९ पासून सरकारी कार्यक्रमात तिची जागा टीडीने घेतली. तीच सुई, जी पाचवीतल्या पोरीला देतात. त्या सुया घेऊनच आपल्या घरात ही पोरं झाली. बाळंतपणात आई आणि बाळ धनुर्वाताने मरायचे, ते इतकं कमी झालं की २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं. ज्या सुईने कुटुंब वाढवलं तिच्यावर कुटुंब बुडवल्याचा आळ घेणारा हा आवाज कोणाचा आहे, हे तरी विचारा. आमच्या मशिदीच्या इमाम साहेबांना मी विचारलं. त्यांनी तो मेसेज ऐकला आणि म्हणाले, मी माझ्या मुलींना दिलीय.

आणि गंमत पाहा. ज्या घरात पोरांची सुई नको असते, त्याच घरात खिळा टोचला, पत्रा लागला, सायकलवरून पडलं की लगेच कंपाउंडरकडे पळतात. "टीटी मार दो." सहा महिन्यांपूर्वीच घेतलेली असते, तरी पुन्हा. "सहा महिनेच चालते ना ती" असं ठाम सांगणारे सुशिक्षित लोक मला माहीत आहेत. ज्याचे लहानपणापासूनचे डोस पूर्ण झालेत त्याला साधी, स्वच्छ जखम झाली तर शेवटच्या सुईला दहा वर्षं होईपर्यंत नवीन सुई लागत नाही. माती-शेणाने माखलेली, खोल जखम असेल तर पाच वर्षं झाली की घ्यावी. म्हणजे जिथे गरज नाही तिथे आपण दर सहा महिन्यांनी पैसे देऊन टोचून घेतो, आणि जिथे गरज आहे, फुकट आहे, शाळेत दारात आलेली आहे, तिथे लिहून देतो की नको.

हे सगळं वाचून कोणी बिगरमुस्लीम वाचक मान हलवत असेल की बघा, हे लोक असेच, तर त्यालाही दोन शब्द. भीती हवेतून आलेली नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने १९४८ पाहिलं. सरकारी गाडीचा आवाज आला की दार लावून घ्यायची सवय तेव्हा लागली. वडिलांच्या पिढीने आणीबाणीतली नसबंदी पाहिली. सुई आणि पोरं न होणं यांची सांगड कुठल्या मौलानाने घातलेली नाही, तेव्हाच्या सरकारने घातली. आमच्या पिढीने २०२० पाहिलं, जेव्हा टीव्हीवर महिनाभर कोरोनाचं नाव मुसलमान होतं. पुढे २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवण्यासाठी निवडलं गेल्याची शक्यता बोलून दाखवली. ती बातमी किती वाहिन्यांनी महिनाभर चालवली? या सगळ्याचा हिशोब मागायचा आमचा हक्क आहे. पण तो पाचवीतल्या पोरीच्या घशातून वसूल करायचा नाही.

सरकारलाही सोडायचं कारण नाही. आईच्या हाती बाळाचं कार्ड देता, त्यावर दीड वर्षापर्यंत आशाताई मागे लागते. पुढे बाळ शाळेत गेलं की कार्ड कपाटात जातं आणि कोणी विचारत नाही. दहा वर्षांच्या पोराच्या आईला विचारा, कार्ड कुठाय? पुरात गेलं, घर बदलताना हरवलं, उंदरांनी खाल्लं. ऊसतोडीला गेलेल्या घरांची पोरं शाळेच्या पटावर असतात आणि सुईच्या दिवशी फडावर. मदरशात शिकणारी पोरं शाळेच्या यादीत येत नाहीत. शाळेत कागद पाठवता तो मराठीत, दोन ओळींचा, "टीडी लसीकरणास संमती आहे / नाही". टीडी म्हणजे काय, ती आत्ता का, लहानपणी दिलेली होती तर पुन्हा का, याचं एक अक्षर नाही. ज्याला काही कळत नाही त्याला "नाही"वर खूण करणं सोपं जातं. कोरोनाच्या वेळी तर तिसऱ्या डोसला बूस्टर न म्हणता "प्रिकॉशन डोस" म्हणायचं ठरलं. आधी दुसऱ्या डोसनंतर नऊ महिने थांबा, मग जुलै २०२२ पासून सहा महिने. एप्रिल २०२२ मध्ये साठच्या आतल्यांनी खासगी केंद्रावर पैसे देऊन घ्यायचा, मग १५ जुलैपासून ७५ दिवस सगळ्यांना फुकट. अंतर का बदललं हे शास्त्राने सांगता येत होतं. लसीने तयार झालेली प्रतिद्रव्यं काही महिन्यांत उतरत होती आणि विषाणूही रूप बदलत होता. पण तसं सरळ बोलणारं कोणी समोर आलं नाही, आणि लोकांनी आपापला अर्थ काढला. त्यानंतर "बूस्टर" हा शब्द आमच्या चहाच्या टपरीवर शिवीसारखा वापरतात.

लस ओसरते, पुन्हा घ्यावी लागते, ही काही आजची पळवाट नाही. भारतातली पहिली देवीची लस मुंबईत १४ जून १८०२ ला ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला दिली गेली. ती लस युरोपातून निघाली आणि बगदाद, बसरा असा प्रवास करत मुंबईला पोहोचली. यहुदी-इसाई कट म्हणणाऱ्यांनी हा रस्ता नकाशावर बघावा. लस शोधणाऱ्या जेनरला वाटलं होतं की एकदा टोचलं की जन्माचं काम झालं. काही दशकांत दिसलं की लहानपणी टोचलेली माणसं मोठेपणी देवीला बळी पडतायत. तेव्हा जर्मनीने १८७४ मध्ये कायदाच केला, बाळपणी एकदा आणि बाराव्या वर्षी पुन्हा. "जगात जर्मनी, भारतात परभणी" म्हणत आपण छाती फुगवतो ना, मग ही दीडशे वर्षांपूर्वीची जर्मनी आधी गाठू या. माझ्या अब्बांच्या दंडावर देवीचे दोन वेगवेगळ्या वयांचे वण होते. त्यांना विचारलं की म्हणायचे, एक आईने धरून टोचवला, दुसरा मी स्वतः गेलो.

मुंबईत १८९७ साली हाफकिनने प्लेगची लस काढली आणि पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. तिचं संरक्षण काही महिनेच टिकायचं, पुन्हा टोचावं लागायचं. लोक घाबरत होते. तेव्हा खोजांचे इमाम आगाखान यांनी सगळ्यांसमोर स्वतःला टोचून घेतलं आणि हाफकिनच्या प्रयोगशाळेला आपली जागा दिली. मग त्यांचे लोक पुढे आले. त्या काळी मुसलमान पुढाऱ्याचं काम काय असतं ते यातून दिसतं. आजच्या आमच्या नगरसेवकांना उरूसात कमानी उभारण्यातून सवड मिळाली तर त्यांनीही शाळेत एकदा चक्कर मारावी.

माझंही चुकलं ते लिहितो. मी शिक्षक आहे. माझ्या वर्गातून दरवर्षी नकाराचे कागद येतात. मी ते मोजून, गठ्ठा करून, वर आकडा लिहून पुढे पाठवतो. एका पालकाच्या घरी गेलो नाही की बाबा का नाही म्हणतोस. कटकट नको, मास्तर सरकारचा माणूस असं कोणी म्हणायला नको. नांदेडच्या जिन्यात बसलेला माणूस मी रोज पाहतो आणि तरी दरवर्षी तो गठ्ठा पाठवला. यंदा अकरा कागद होते. मी अकरा घरी गेलो. सात जण तयार झाले, त्यातल्या पाच जणांनी फक्त एवढंच म्हटलं की आम्हाला वाटलं लहानपणीच झालीय. दोन घरांत दार उघडलं नाही. एक जण विचार करतो म्हणाला.

अकरावं घर माझ्या मित्राचं.

परवा तो माझ्याकडे आला होता. हजला निघण्याआधी माणूस घरोघर जातो, कहा-सुना माफ करून घेतो, तसा. बायको सोबत होती, मुलगी सोबत होती. चहा झाला. त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि म्हणाला, "मास्तर, कुछ कम-ज्यादा हुआ होंगा तो माफ करो." मी म्हणालो, सगळं माफ, पण एक कागद बाकी आहे. तो हसला. "वापस आके देखेंगे," म्हणाला. मी सांगितलं की राहिलेल्या पोरांसाठी सिस्टर बुधवारी नागरी आरोग्य केंद्रात बसणार आहे आणि तुझं विमान त्यानंतर आहे. त्याची बायको आतापर्यंत गप्प होती. तिने मुलीकडे बघून विचारलं, "बुधवारी किती वाजता?"